मदत हवी आहे: गिरणीत काम केलेल्या वडिलांना चाळीसहून अधिक वर्षांनी मुंबई दाखवायची आहे

कणकवलीची लेक:

नमस्कार. मी कणकवली तालुक्यातील एका गावात राहते आणि तेथील शाळेत शिकवते. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात, शुक्रवार ते रविवार, आई-वडिलांना घेऊन मुंबईला यायचे ठरवत आहे. मी स्वतः मुंबईत कधी राहिलेले नाही, त्यामुळे येथील जाणकारांचा सल्ला हवा आहे.

वडिलांचे वय शहात्तर आहे. १९७१ मध्ये ते लोअर परळच्या फिनिक्स गिरणीत बदलीवर (गैरहजर कामगाराच्या जागी) लागले, पुढे साचेखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, कायम झाले आणि १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाल्यावर वर्षभर वाट पाहून १९८३ च्या पावसाळ्याआधी गावी परतले. मधल्या काळात एका लग्नासाठी डोंबिवलीपर्यंत आले होते, पण तिथूनच मागे फिरले. आई तर मुंबईला कधी आलीच नाही. वडिलांच्या मनीऑर्डरी आणि पत्रे येत, त्यांतून जी मुंबई तिने वाचली तेवढीच तिला ठाऊक. आता मात्र दोघांनीही मनावर घेतले आहे.

अडचण अशी की वडिलांचे दोन्ही गुडघे दुखतात. सपाट रस्त्यावर दहा मिनिटे ते काठी घेऊन चालतात, परंतु जिने चढणे त्यांना जवळजवळ अशक्य आहे. आईची प्रकृती ठीक आहे, पण गर्दीत ती घाबरते. वडील एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात: लालबागच्या खोलीवरून निघायचे, करी रोडचा पूल ओलांडून डिलाईल रोडला यायचे, तिथून लोअर परळचा पूल आणि मग तुळशी पाइप रोडवर गिरणीचे फाटक. पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आत ही वाट ते रोज पायी तुडवत असत, आणि तीच त्यांना एकदा पाहायची आहे. आईला समुद्र पाहायचा आहे आणि ‘म्हातारीचा बूट’ (बागेतली बुटाच्या आकाराची वास्तू) पाहायचा आहे, कारण १९७६ च्या एका पत्रात वडिलांनी त्याचे वर्णन लिहिले होते आणि आपण कधीतरी जाऊ, असे कळवले होते.

माझे प्रश्न असे आहेत. लालबागला आमच्या गावच्या ग्रामस्थ मंडळाची खोली अजून आहे. तिथे मुक्काम करणे योग्य ठरेल का, की दादरला एखादे लॉज पाहावे? वडिलांना लोकलने नेता येईल का? शिवाय त्यांच्या गिरणीच्या जागी आता मॉल उभा आहे, हे मला माहीत आहे. त्यांनाही ऐकून माहीत आहे, पण ऐकणे आणि पाहणे यांत फरक असतो. तेथे न्यावे की नेऊ नये, याबद्दल मी द्विधा मनःस्थितीत आहे.

करी रोड, पूर्व:

ताई, तुमच्या वडिलांची वाट माझ्या घराखालून जाते, म्हणून आधी तिच्याविषयीच लिहितो.

ती वाट अजून आहे. करी रोडचा पूल आहे, डिलाईल रोड आहे (पाटीवर आता ना. म. जोशी मार्ग असे असले तरी टॅक्सीवाल्याला डिलाईल रोड म्हटलेले कळते), लोअर परळचा पूल २०२३ मध्ये नव्याने बांधून पुन्हा खुला झाला आहे, आणि तुळशी पाइप रोड म्हणजे आजचा सेनापती बापट मार्ग. हे सारे अंतर टॅक्सीने रिकाम्या रस्त्यावर पंधरा मिनिटांचेही नाही. मात्र एक अडचण लक्षात घ्यावी. सप्टेंबर २०२५ मध्ये परळ आणि प्रभादेवी यांना जोडणारा एल्फिन्स्टनचा पूल पाडण्यासाठी बंद केल्यापासून तिकडची बरीचशी वाहने करी रोडच्या पुलावर येतात, आणि म्हणून येथे वेळेनुसार एकदिशा वाहतूक ठेवण्यात आली. सकाळच्या वेळात गाड्या लालबागकडून डिलाईल रोडकडे सोडल्या जातात, दुपारनंतर उलट. तुम्हाला जायचे आहे ते लालबागकडूनच, तेव्हा हा प्रवास सकाळीच करावा. वडीलही पहिल्या पाळीलाच जात असत, म्हणजे वेळही तीच साधेल. सकाळी सातच्या सुमारास निघालात तर पुलावर गाडी थोडी हळू घ्यायला सांगता येईल. दहानंतर ती आपोआपच हळू होते, पण मग आजूबाजूला ट्रकशिवाय काही दिसत नाही.

मंडळाच्या खोलीत मुक्काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. खोली किती आपुलकीची असली तरी चाळीचा लाकडी जिना आणि मजल्याच्या टोकाला असलेले सामाईक शौचालय हे शहात्तराव्या वर्षी, दुखऱ्या गुडघ्यांनी, रात्री दोनदा झेपणार नाही. त्याऐवजी मंडळाच्या लोकांना आधी कळवून ठेवा, म्हणजे जुन्यांपैकी जे कोणी आसपास राहत असतील ते खाली येतील. वडिलांनी वर जाण्यापेक्षा वरची माणसे खाली उतरलेली बरी. मुक्कामाला दादरच बरे. तुतारी एक्सप्रेस तुम्हाला सकाळी दादरलाच उतरवते, त्यामुळे सामान घेऊन दुसरी गाडी बदलावी लागणार नाही. लॉज ठरवताना लिफ्ट आहे का एवढेच विचारू नका, लिफ्टपर्यंत पोचायला किती पायऱ्या आहेत तेही विचारा. आमच्याकडच्या जुन्या इमारतींत लिफ्ट पहिल्या मजल्यापासून सुरू झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत.

रिक्षाची वाट पाहत उभे राहू नका. शीव आणि वांद्रे यांच्या दक्षिणेला रिक्षाला परवानगीच नाही. दादर, लालबाग, परळ, गिरगाव येथे टॅक्सी किंवा बसच मिळते. काळी-पिवळी टॅक्सी मीटरप्रमाणे येते, पण दोन-तीन ठिकाणी थांबत जायचे असेल तर आधीच तसे सांगून तास-दोन तासांचे पैसे ठरवून घेतलेले चांगले.

लालबागला उतराल तेव्हा चिवडा गल्लीत आणि मसाल्याच्या बाजारात आईंना जरूर न्यावे. मसाल्याचा खरा हंगाम मार्चपासून सुरू होतो, तेव्हा मिरची कुटण्याच्या यंत्रांच्या, म्हणजे डंखांच्या, आवाजात बोललेले ऐकू येत नाही. जानेवारीत तशी झुंबड नसते आणि दुकानदाराला बोलायला सवड असते. आपल्याकडच्या मालवणी मसाल्यापुढे आई त्याला किती गुण देतात, ते मात्र येथे येऊन जरूर कळवा.

दादर पश्चिम:

वरील प्रतिसादाशी सहमत आहे, त्यात थोडी भर घालते.

तुम्ही जो आठवडा निवडला आहे तो बदलता आला तर बदला. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारी मुंबई मॅरेथॉन असते आणि पहाटेपासून दुपारपर्यंत दक्षिण मुंबईतले अनेक रस्ते बंद ठेवले जातात. नेमके तुम्हाला जायचे आहे तेच. चौथा आठवडा घेतलात तर २६ जानेवारीचे संचलन आणि त्याची तयारी शिवाजी पार्कावर असते, म्हणजे दादरमध्येच अडकाल. दुसरा आठवडा सर्वांत सोयीचा. शिवाय कोणताही रविवार असो, रेल्वेच्या मार्गांवर देखभालीसाठी मेगाब्लॉक घेतला जातो आणि दिवसा गाड्या कमी व उशिराने धावतात. त्यामुळे समुद्र आणि म्हातारीचा बूट शनिवारीच उरकावा आणि रविवार दादरच्या आसपास घालवावा.

लोकलबद्दल विचारले आहे. खरे सांगायचे तर वडिलांच्या स्थितीत मी नेणार नाही. गाडीत बसायला जागा मिळणे ही अडचण नाही, दुपारी ती मिळतेही. अडचण आहे ती पुलांच्या जिन्यांची आणि वीस सेकंदांत चढण्या-उतरण्याची. दिव्यांगांसाठीच्या डब्यात केवळ वय झाले म्हणून बसता येत नाही, हा गैरसमज अनेक पाहुण्यांना दंडापर्यंत घेऊन जातो. त्याऐवजी भुयारी मेट्रो वापरावी. आरे ते कफ परेड हा मेट्रो तीनचा संपूर्ण मार्ग ऑक्टोबर २०२५ पासून सुरू आहे, प्रत्येक स्थानकावर लिफ्ट आहे, फलाट आणि गाडी एकाच पातळीवर आहेत आणि स्थानकात स्वच्छतागृहही आहे, ही वयस्कर माणसांसाठी सर्वांत मोठी सोय. दादरचे मेट्रो स्थानक मात्र रेल्वे स्थानकाला लागून नाही, पश्चिमेला सेनाभवनाच्या बाजूला आहे, म्हणून तिथपर्यंत टॅक्सी करावी लागेल. काही स्थानकांवर जमिनीखाली मोबाइलला रेंज नसू शकते, तेव्हा वेगवेगळे झालात तर कुठे भेटायचे ते आधी ठरवून ठेवा आणि तिकिटासाठी सुटे पैसे जवळ बाळगा.

समुद्रासाठी चर्चगेट स्थानकावर उतरावे. तेथून मरीन ड्राइव्हचा कट्टा जवळ आहे, रस्ता सपाट आहे, आणि संध्याकाळी साडेपाचला बसलात की सूर्य बुडेपर्यंत उठावेसे वाटणार नाही. एलिफंटाचा मोह टाळा. तेथे बोटीत चढ-उतार आहे आणि पुढे शंभरावर पायऱ्या आहेत; डोलीवाले मिळतात, पण ज्यांनी गिरणीत उभ्याने काम केले त्या माणसाला डोलीत बसवणे किती रुचेल, ते तुम्हीच ठरवा.

म्हातारीचा बूट मलबार हिलवर कमला नेहरू पार्कात आहे. टॅक्सी थेट फाटकापर्यंत जाते. तेथून चौपाटीची वळणदार किनार दिसते. समोरच फिरोजशहा मेहता उद्यान आहे, जुन्या माणसांच्या भाषेत हँगिंग गार्डन. त्यात बसायला बाके भरपूर. एक गंमत म्हणजे किनारी मार्गाचा बोगदा याच टेकडीच्या पोटातून जातो, त्यामुळे परत येताना टॅक्सीवाल्याला त्या रस्त्याने वरळीकडे न्यायला सांगितलेत तर वडिलांना त्यांच्या काळी नसलेली मुंबईही दिसेल.

निवृत्त टपालवाला:

शेवटच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलेले नाही, म्हणून लिहितो. माझे वडीलही परळच्या एका गिरणीत होते. त्यांना आम्ही तिकडे नेलेच नाही, मनाला लागेल म्हणून. ते गेल्यावर त्यांच्या पेटीत बदलीपास सापडला, अगदी प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला. तेव्हापासून मला वाटत आले आहे की लागेल की नाही, हे ठरवण्याचा अधिकार आमचा नव्हता.

फिनिक्सच्या आवारात गिरणीची चिमणी अजून उभी आहे. बाकी काही ओळखू येणार नाही, पण चिमणी ओळखू येईल. मॉलच्या आत नेण्याची घाई करू नका. आधी रस्त्याच्या कडेला टॅक्सीतच बसून पाहू द्या, आणि ते स्वतः म्हणाले तरच आत जा. आत लिफ्ट आहेत, बसायला जागा आहे, प्रवेशाला पैसे लागत नाहीत. आजूबाजूला श्रीनिवास गिरणीच्या जागी उंच मनोरा आणि कमला मिलमध्ये कार्यालये व उपाहारगृहे झाली आहेत, तीही त्याच फेरीत दिसतील. वडील विचारतील ती प्रत्येक गिरणी कुठे होती, हे टॅक्सीवाल्याला ठाऊक असेलच असे नाही, तेव्हा सोबत माहीतगार माणूस असलेला बरा. मंडळाच्या खोलीवरून एखादा म्हातारा गाडीत घ्या. चौथी सीट रिकामीच राहणार आहे.

कणकवलीची लेक:

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिलेत, त्याबद्दल मनापासून आभार. आठवडा बदलून दुसरा घेतला आहे. मंडळाच्या अध्यक्षांना फोन केला असता वडिलांच्या पाळीतला एक सोबती अजून लालबागलाच राहतो, असे कळले. वडिलांना हे आजच सांगितले. त्यावर त्यांनी विचारले, ते एवढेच, की तो अजून बिड्या ओढतो का.

एक प्रश्न उरला आहे. सकाळी सात वाजता लालबागला चहा आणि काहीतरी गरम खायला बसून मिळेल, असे ठिकाण कोणी सुचवू शकेल का? पायऱ्या नकोत.

करी रोड, पूर्व:

भारतमाता सिनेमाच्या नाक्यावर लाडू सम्राट हे उपाहारगृह आहे. पहाटे उघडते की नाही ते त्या आठवड्यात मी स्वतः जाऊन पाहीन आणि तुम्हाला येथेच कळवीन. बंद असेल तर चहाचा थर्मास मी घेऊन येतो, टॅक्सी नाक्यावर थांबवा.