मदत हवी आहे: २३ कार्डं झाली, चोविसावं लिहायला लेक तयार नाही

स्वराची_आई
पटकन सांगा, सकाळच्या आत हवंय. शाळेतून यादी आली आहे, नेणार असाल तर सगळ्यांसाठी न्या असा नियम. हिने २३ लिहिली, एक लिहायचं नाही म्हणजे नाही. मी ओरडले, ती रडत झोपायला गेली. मीच लिहून टाकू का?

निवांत
कसली कार्डं? कुठला देश? लेक कितवीत?

पेठकर
आमच्या वेळी शाळेत असली थेरं नव्हती. एवढंच सांगतो.

फणस_कापा
पेठकर, ते तुम्हाला विचारलेलंच नाही. ताई बहुतेक अमेरिकेत आहेत. इथे प्राथमिक शाळेत व्हॅलेंटाइनचा प्रेमप्रकरणाशी संबंध नसतो हो. बुटांचा खोका सजवायचा, मुलं एकमेकांच्या खोक्यात कार्डं टाकतात. कुणाचा खोका रिकामा राहू नये म्हणून 'सगळ्यांना' हा नियम. आम्ही नवीन आलो तेव्हा मला हे ठाऊक नव्हतं. मुलाने चार मित्रांपुरती कार्डं नेली आणि परत आला एकोणीस घेऊन. दारातच बूटही न काढता म्हणाला, "बाबा, मी पंधरा जणांना दिलंच नाही."

अनु_ऑस्टिन
'टू' कोरं सोडा, फक्त 'फ्रॉम' भरा. दुसरी-तिसरीतली मुलं नावं वाचत वाटायला लागली की पार्टी तिथेच संपते. झालं काम.

स्वराची_आई
सॉरी, घाईत राहिलं. न्यू जर्सी, दुसरी. यंदा १४ ला शनिवार, म्हणून पार्टी उद्या १३ लाच. एका मुलाचं कार्ड राहिलंय.

निवांत
अहो पण का? त्याने केलंय काय?

गूळपोळी
संक्रांतीला आपण ज्याच्याशी अबोला असतो त्यालाही तिळगूळ देतो. कार्डं कशाला, वड्या पाठवा.

अनु_ऑस्टिन
नका हो! वडीत दाण्याचं कूट. आणि इथे १ जानेवारी २०२३ पासून तीळसुद्धा लेबलवर लिहावाच लागणारा नववा अ‍ॅलर्जन आहे. डबा ऑफिसातूनच परत येईल.

गूळपोळी
आमच्या आईने अख्ख्या चाळीला वाटल्या, कुणाला साधी शिंक आली नाही.

अनु_ऑस्टिन
आईंच्या वड्यांवर आक्षेप नाही, गूळपोळी.

स्वराची_आई
जाऊन विचारलं, जागीच होती. तो मुलगा बसमध्ये रोज सगळ्यांना सांगतो, ही माझी गर्लफ्रेंड. बाकीचे खिदळतात. आणि पाकिटात उरलेलं कार्ड नेमकं 'बी माइन'चं. तिने स्वतःचं नाव लिहून इतकं खोडलंय की कागद फाटलाय. म्हणाली, "आई, मी त्याची नाहीये."

निवांत
हे आधी सांगायचंत ना! मग प्रश्न कार्डाचा नाहीच. शिक्षिकेला आत्ताच ईमेल टाका, बसमधलं सगळं लिहा.

पेठकर
म्हणूनच म्हणत होतो, थेरं.

फणस_कापा
तुम्ही कारण न कळताच म्हणत होतात. ताई, सगळ्यांना द्यायचं म्हणजे सगळ्यांना तेच कार्ड द्यायचं असं कुठे आहे? घरी करू दे तिला, मजकूर तिचा. तेही नको असेल तर उद्या काहीच न्यायचं नाही, हेही चालतं. जेहोवाज विटनेस या ख्रिस्ती पंथाच्या कुटुंबांतली मुलं हा दिवस पाळतच नाहीत, शाळांना त्याची सवय असते.

गूळपोळी
पण मग तो मुलगा एकटा पडला तर? त्यालाही आठच वर्षं असतील.

निवांत
त्याची समजूत घालायला मोठी माणसं आहेत. ते काम हिच्या कार्डाने कशाला?

स्वराची_आई
ईमेल गेली. पर्याय सांगितल्यावर उठून बसली. पिवळ्या कागदावर बेडूक काढलाय, खाली फक्त 'फ्रॉम' आणि नाव. 'हॅपी' लिहू का विचारत होती, म्हटलं तुझं तू ठरव. नाही लिहिलं.

अनु_ऑस्टिन
खोक्याला चकाकी कुठली लावलीत? आमची सगळी कारमध्ये गळली.