मदत हवी आहे: एकटीने परदेशातली थीम पार्कं, गाडी न चालवता. दोन मार्गांपैकी कुठला घेऊ?

नमस्कार मंडळी,

कित्येक वर्षं मनात घोळत असलेली सहल यंदा करायचीच असं ठरवलंय. युरोपातली थीम पार्कं, दहा दिवस, एकटीने. बरोबर येणारी मैत्रीण दोनदा ऐन वेळी अडली. तिची कारणं खरी होती, राग नाही. पण तिसऱ्यांदा वाट बघत बसायची आता माझी तयारी नाही. वय ४१. रोलरकोस्टरचं वेड शाळेपासूनचं आणि ते अजून तसूभरही कमी झालेलं नाही.

अडचण अशी की मी गाडी चालवत नाही. उजव्या डोळ्याने मला जवळजवळ दिसत नाही, त्यामुळे अंधारात अंतराचा अंदाज येत नाही. दिवसा किंवा दिव्यांच्या रस्त्यावर माझं काहीच अडत नाही. पण दिवे नसलेला रस्ता, कडेला पदपथ नाही आणि समोरून गाड्यांचे झोत डोळ्यांवर, अशा ठिकाणी माझं पाऊल उचलत नाही. (राइड्सबद्दल डोळ्यांच्या डॉक्टरांना आधीच विचारलंय. त्यांनी पडदा तपासून हरकत नाही म्हणून सांगितलं, तेव्हा ती काळजी मिटली आहे.)

खूप वाचून दोन मार्ग काढलेत.

पहिला नेदरलँड्स-जर्मनी. एफ्टेलिंग, मग कोलोनजवळचं फँटाझियालँड, मग दक्षिणेला युरोपा-पार्क. राइड्सच्या दृष्टीने याला तोड नाही. एफ्टेलिंग १९५२ चं, त्यातलं परीकथांचं जंगल मला बघायचंच आहे. फँटाझियालँडचा टॅरॉन हा कोस्टर तर माझ्या यादीत सगळ्यात वर आहे. युरोपा-पार्कात ७३ मीटर उंचीचा सिल्व्हर स्टार, शिवाय २०२४ मध्ये सुरू झालेला व्होल्ट्रॉन, हे दोन कोस्टर. पण तिन्ही पार्कं मोठ्या शहरांबाहेर. एफ्टेलिंगच्या गावाला रेल्वे स्टेशनच नाही, टिलबर्ग किंवा डेन बॉसहून बस. फँटाझियालँडसाठी ब्र्यूल स्टेशन आणि तिथून बस. युरोपा-पार्कसाठी रिंग्सहाइम स्टेशन आणि पुन्हा बस.

दुसरा डेन्मार्क-स्वीडन. कोपनहेगनचं टिवोली, गोथेनबर्गचं लिसेबर्ग, स्टॉकहोमचं ग्रोना लुंड. तिन्ही शहरांतच. राइड्स कमी, पण लिसेबर्गचा हेलिक्स आणि लाकडी बाल्डर या कोस्टरांबद्दल सगळेच भरभरून बोलतात.

माझे प्रश्न:

सकाळी पोचायचं कसं हे सगळीकडे लिहिलेलं सापडतं. रात्री पार्क बंद झाल्यावर परत यायचं कसं, हे कुणीच नीट लिहीत नाही. पहिल्या मार्गावर तो शेवटचा टप्पा एकटीला जमण्यासारखा आहे का?

एकटं असताना राइडवर जाताना पिशवी, चष्मा, फोन यांचं काय करता?

आणि महिना कुठला घेऊ? ऑगस्ट डोक्यात आहे, पण पक्कं काही नाही.

घरच्यांना काळजी वाटतेय, ती मी समजू शकते. त्यांच्यासमोर "होईल सगळं नीट" एवढंच न म्हणता रोजच्या आखणीचा कागद ठेवायचाय, म्हणून एवढं बारीक विचारतेय.

— उंचझोका

पायवाट:

उंचझोका, तुमचा पहिला प्रश्न वाचला आणि हातातलं काम बाजूला ठेवून लिहायला बसले.

चार वर्षांपूर्वी मी अशाच एका खेड्यातल्या पार्कला एकटी गेले होते. सकाळी स्टेशनवरून बस लगेच मिळाली, म्हणून परतीचं पाहिलंच नाही. बंद व्हायला दहा मिनिटं उरली असताना एका राइडच्या रांगेत शिरले. वेळेआधी रांगेत आलेल्या सगळ्यांना बसू देतात, त्यामुळे उतरून फाटकाबाहेर आले तोवर पार्क बंद होऊन पाऊण तास झाला होता. थांब्यावर काचेमागे वेळापत्रकाचा कागद होता. त्यावर बोट फिरवत मी रविवारचा रकाना शोधला, तर शेवटची बस वीस मिनिटांपूर्वी गेलेली. फोन सात टक्क्यांवर. फाटक लावायला आलेल्या रखवालदाराने स्वतःच्या फोनवरून टॅक्सी बोलावली आणि ती येईपर्यंत माझ्याजवळ उभा राहिला. तो नसता तर मी काय केलं असतं, मला अजूनही सांगता येणार नाही.

तेव्हापासून मी आखणी परतीकडून सुरू करते. पार्क बंद होण्याची वेळ घ्यायची, त्यात एक तास मिळवायचा आणि त्यानंतरही एखादी बस किंवा गाडी आहे का ते पाहायचं. असेल तर ते पार्क माझं. नसेल तर पार्काच्या दाराशी मुक्काम करायचा, नाहीतर ते पार्क सोडून द्यायचं. वेळापत्रक बघताना नेमकी तारीख टाका, नुसता वार बघू नका, सुट्टीच्या दिवशी गाड्या बदलतात.

रुळांचाप्रवासी:

पायवाट यांच्याशी सहमत, पण ताई, पहिला मार्ग एवढ्यात खोडू नका. तिन्ही ठिकाणं सारखी नाहीत.

रुस्ट हे गावच युरोपा-पार्कावर उभं आहे. पार्काची स्वतःची हॉटेलं आहेतच, शिवाय गावात घरगुती खोल्या भरपूर, तिथून फाटकापर्यंत चालत जाता येतं. म्हणजे रात्रीची बस हा प्रश्नच उरत नाही. पोचायच्या आणि निघायच्या दिवशी तेवढी रिंग्सहाइमहून बस, तीही उजेडात. काही लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्याही आता त्या स्टेशनवर थांबतात. मात्र पार्क एवढं मोठं आहे की दोन दिवसांच्या आत उरकायचा हट्ट करू नका.

फँटाझियालँडला मुक्काम कोलोनमध्ये नको, ब्र्यूलमध्येच करा. एफ्टेलिंगच्या आवारातही राहायची सोय आहे. म्हणजे जमतं. पण दहा दिवसांत तीन मुक्काम, मध्ये जर्मनीचा लांब रेल्वेप्रवास, प्रत्येक ठिकाणी बॅग घेऊन बसमध्ये चढउतार. पहिलीच एकटीची सहल असेल तर मी दुसरा मार्ग घेईन आणि पहिला पुढच्या वर्षीसाठी ठेवीन.

उंचझोका:

पायवाट, अगदी हीच भीती मला शब्दांत मांडता येत नव्हती. "परतीकडून आखणी" हे वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

रुळांचाप्रवासी, रुस्टचं माहीत नव्हतं, आभार. दुसऱ्या मार्गाबद्दल तुमचा अनुभव असेल तर जरा सविस्तर लिहाल का?

रुळांचाप्रवासी:

लिहितो. कोपनहेगनच्या विमानतळावरून मुख्य स्टेशन रेल्वेने साधारण पंधरा मिनिटं. स्टेशनच्या बाहेर आलात की रस्त्यापलीकडे टिवोली. खोली स्टेशनच्या आसपास घेतलीत तर रात्री पार्कातून निघून दिव्याखालून चालत खोलीवर.

टिवोली १८४३ चं. पूर्ण दिवस लागत नाही, दुपारी जा आणि दिवे लागेपर्यंत थांबा. प्रवेशाचं तिकीट वेगळं आणि राइड्सचं वेगळं, हे लक्षात ठेवा. तिथला १९१४ चा लाकडी कोस्टर चुकवू नका. त्यात रुळाला ब्रेक नाहीत. गाडीवरच एक माणूस बसलेला असतो आणि तो हाताने ब्रेक लावतो. मी त्याच्या अगदी मागे बसलो होतो. वळण आलं की त्याचा दांडा ओढणारा खांदा मागे यायचा, आणि उतार आला की तो दांडा सोडून नुसता पुढे बघत राहायचा. असे कोस्टर जगात आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत.

कोपनहेगनला एक सकाळ हाताशी असेल तर बाकेनला जा. १५८३ पासूनचं, जगातलं सगळ्यात जुनं चालू पार्क. लोकल गाडीने क्लॅम्पेनबोर्गला उतरायचं आणि झाडीतून थोडं चालायचं. प्रवेश फुकट, पैसे राइडचे. तुमच्यासाठी मात्र एक सूचना, हे दिवसाच करा. तो रस्ता जंगलातला आहे.

पुढे गोथेनबर्गला थेट गाडी आहे, साडेतीन-चार तास, डेन्मार्क-स्वीडन जोडणाऱ्या ओरेसुंडच्या पुलावरून. पूल ओलांडल्यावर कधी कधी पोलीस डब्यात येऊन कागद तपासतात, पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेवा. गोथेनबर्ग स्टेशनवरून लिसेबर्ग ट्रामने, किंवा चालत अर्ध्या तासाच्या आत. लिसेबर्गला दोन दिवस द्याच. हेलिक्स टेकडीच्या उतारावर बांधलाय, त्यामुळे पुढचं वळण कुठून येतंय ते कळत नाही. एक फेरी दिवसा घ्या, एक संध्याकाळी.

गोथेनबर्ग ते स्टॉकहोम वेगवान गाडीने साधारण तीन तास. ग्रोना लुंड बेटावर आहे. ७ नंबरची ट्राम जाते, पण मी शहरातल्या स्लुसेन या ठिकाणाहून बोटीने गेलो. शहराच्या नेहमीच्या तिकिटावरच ती बोट चालते. पाण्यावरून येताना आधी किंकाळ्या ऐकू येतात, मग राइड्स दिसतात.

परतीचं विमान स्टॉकहोमहूनच घ्या. पुन्हा कोपनहेगनला येण्यात एक दिवस फुकट जाईल.

मेघमल्हार:

महिन्याबद्दल. तुम्हाला अंधाराचा त्रास आहे ना, मग ऑगस्ट कशाला, जून घ्या. जूनच्या उत्तरार्धात स्टॉकहोमला सूर्यच रात्री दहाच्या सुमारास मावळतो. पार्कातून निघाल तेव्हाही आकाशात उजेड असेल.

फक्त एक तारीख सांभाळा. स्वीडनमध्ये मिडसमरची मोठी सुट्टी असते, तिची पूर्वसंध्या १९ ते २५ जूनमधल्या शुक्रवारी येते. त्या दिवशी बरंच काही बंद आणि गाड्या कमी. तो शुक्रवार डेन्मार्कमध्ये काढा किंवा त्याआधीच सहल संपवा. तिकिटं काढण्याआधी तिन्ही पार्कांची दिनदर्शिका उघडून बघा, सप्टेंबरकडे झुकलं की उघडे दिवस कमी होत जातात.

शेंगेन व्हिसा (डेन्मार्क-स्वीडन दोन्हीकडे चालणारा एकच व्हिसा) लागत असेल तर अर्ज ज्या देशात जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. विमान डेन्मार्कला उतरतंय म्हणून अर्ज तिकडे करू नका, तुमचे जास्त दिवस स्वीडनमध्ये आहेत. सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. आणि दोन्ही देशांत चलन युरो नाही, क्रोनाही दोन्हीकडचा वेगळा. रोख फारशी लागत नाही, पण दोन वेगवेगळी कार्डं दोन वेगळ्या जागी ठेवा.

एकटाचफिरतो:

पिशवीचं मी सांगतो, त्यात मी बऱ्याच चुका करून शिकलोय. पाठीवरची मोठी पिशवी नेऊच नका. कमरेला बांधायची चपटी पिशवी, चेनवाली. त्यात कार्ड, पासपोर्टची छायाप्रत, फोन आणि मुक्कामाचा पत्ता कागदावर लिहिलेला. पाण्याची बाटली, रेनकोट असलं सगळं सकाळीच लॉकरमध्ये. काही राइड्सवर कमरेची पिशवीही चालत नाही, तेव्हा राइडजवळच्या लॉकरची सोय रांगेत शिरण्याआधी बघून घ्या. अर्धा तास उभं राहून तोंडाशी आल्यावर परत पाठवलं की फार जिवावर येतं.

चष्म्याला मागून बांधायचा पट्टा घ्या. पॉवर बँक आणि तिची तार विसरू नका. तिकीट, नकाशा, परतीची गाडी, सगळं त्या एका फोनवर असतं.

आणि एकटं असण्याचा मोठा फायदा म्हणजे सिंगल रायडरची रांग. जोड्या बसवून उरलेली एखादी जागा भरायला एकट्या माणसाला पुढे घेतात. सगळ्या राइड्सना ती नसते, पण जिथे असते तिथे वेळ खूप वाचतो. टॅरॉनला आहे, पुढच्या वर्षी उपयोगी पडेल.

सांजवात:

माझं मत थोडं वेगळं आहे. एवढ्या लांब, डोळ्याचा त्रास असताना, एकटीने जाण्यापेक्षा एखाद्या कंपनीच्या गटाबरोबर गेलात तर घरचेही निर्धास्त राहतील. काळजीपोटी लिहितेय, राग मानू नका.

उंचझोका:

सांजवात, राग अजिबात नाही. गटाचा विचार करून झालाय. गटाच्या सहलीत पार्काला एक दिवस मिळतो, त्यातही ठरावीक वेळी बसपाशी हजर व्हायचं. मला एका कोस्टरवर पाच वेळा बसायचंय, मधल्या वेळात बाकावर बसून तो धावताना बघायचाय. ते गटात होणार नाही. डोळ्याचं म्हणाल तर त्याच्यासह मी रोजचं सगळं करते. मला फक्त अंधारा रस्ता टाळायचाय, आणि तो टाळता येतो हे या धाग्यावर कळलं.

बाकी सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री घरच्यांसमोर कागद ठेवला. दुसरा मार्ग पक्का, जूनचा पहिला पंधरवडा, म्हणजे मिडसमरच्या आत परत. कोपनहेगन तीन रात्री, त्यात बाकेन सकाळी आणि टिवोली संध्याकाळी. गोथेनबर्ग तीन रात्री, स्टॉकहोम तीन रात्री, विमान तिथूनच. प्रत्येक पार्काच्या दिवसासमोर तीन रकाने केलेत: बंद होण्याची वेळ, त्यानंतरची शेवटची गाडी आणि ती चुकली तर काय. आईने तो तिसरा रकाना दोनदा वाचला आणि टिवोलीपुढे "चालत, दिवे आहेत" हे बघून मान हलवली.

आता फक्त गोथेनबर्गचा तिसरा रकाना अडलाय. ट्राम चुकलीच तर लिसेबर्गहून स्टेशनच्या बाजूला चालत येण्याचा रस्ता रात्री पूर्ण उजेडाचा आहे का, की मुक्काम पार्काशेजारीच घेऊ? तिथून रात्री चालत आलेलं कुणी असेल तर कृपया लिहा, खोली या आठवड्यात ठरवायची आहे.