लॅम्डा रिफाइनमेंट: हाताने घट्ट करायचं की डिफॉल्टवर सोडायचं?

आरएफवाला
एचएफएसएस (अँटेना, फिल्टर यांचं सिम्युलेशन करणारं सॉफ्टवेअर) हातात आलं की नवखा माणूस आधी लॅम्डा रिफाइनमेंटमधलं (सुरुवातीच्या मेशचा, म्हणजे मॉडेलच्या जाळीचा, तुकडा लॅम्डाच्या, म्हणजे तरंगलांबीच्या, किती पट असावा तो आकडा) ०.३३३३ खोडून ०.१ टाकतो, कारण 'लॅम्डा बाय टेन' कॉलेजात घोकलेलं असतं. माझं मत स्पष्ट आहे: हात लावू नका. ०.१ हा झिरो ऑर्डर बेसिसचा (तुकड्यातलं फील्ड सगळ्यात साध्या सूत्राने मांडण्याचा) आकडा, फर्स्ट ऑर्डरला ०.३३३३ पुरतं. प्रत्येक दिशेला ३.३ पट बारीक म्हणजे आकारमानात सुमारे ३७ पट टेट्राहेड्रा (मेशचे चौपृष्ठी तुकडे), आणि त्यातले बरेचसे मॉडेलभोवतीच्या एअरबॉक्सच्या मोकळ्या हवेत. फील्ड एकवटतं कुठे? पॅच अँटेनाच्या सपाट पत्र्याच्या कडेला, सिग्नल आणणाऱ्या फीडच्या सांध्यात. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी! त्या कडा अ‍ॅडॅप्टिव्ह पासेस (चूक दिसेल तिथे मेश बारीक करून पुन्हा सोडवण्याच्या फेऱ्या) आपसूक हुडकतात.

शंकासुर
असहमत. अ‍ॅडॅप्टिव्हला एवढं डोक्यावर घेऊ नका. अरुंद बँडचा कॅव्हिटी फिल्टर (धातूच्या पोकळ्यांचा, ठरावीक फ्रीक्वेन्सीच जाऊ देणारा) घ्या. पहिलं मेश ढोबळ, म्हणून रेझोनन्स सरकलेला. सोल्यूशन फ्रीक्वेन्सीवर (ज्या फ्रीक्वेन्सीवर मेश जुळवलं जातं तिथे) एस-११ (परत फिरणाऱ्या सिग्नलचं प्रमाण) जवळजवळ १. पुढच्या पासलाही जवळजवळ १. फरक ०.०२ च्या आत, सॉफ्टवेअर म्हणतं 'कन्व्हर्ज्ड', आणि पासबँडचा (फिल्टर जाऊ देतो त्या पट्ट्याचा) पत्ता नाही! सुरुवातच दाट मेशने केली असती तर रेझोनन्स निदान जागेच्या आसपास आला असता. रॅम परवडते हो, फसलेला प्रोटोटाइप नाही परवडत.

आरएफवाला
रोग बरोबर ओळखलात, औषध चुकलं. मिनिमम कन्व्हर्ज्ड पासेस (किती पास जुळल्यावर थांबायचं) १ चे २ करा, डेल्टा एस (दोन पासमधल्या फरकाची ती ०.०२ ची मर्यादा) आणखी खाली आणा, सोल्यूशन फ्रीक्वेन्सी पासबँडमध्ये धरा. ट्यूनिंग स्क्रूच्या टोकाखालची फट तरंगलांबीच्या मानाने इतकी छोटी असते की लॅम्डाच्या नियमाला ती दिसतच नाही.

शंकासुर
पासबँड नेमका कुठे बसतोय हे माहीत नाही म्हणून तर सिम्युलेशन लावतोय ना साहेब?

एमटेक_दुसरं_वर्ष
मध्येच विचारतो, माफ करा. २.४५ गिगाहर्ट्झचा पॅच, १.६ मिमी एफआर-४ वर (सर्किट बोर्डचं मटेरियल), ओपनईएमएस या सिम्युलेशन सॉफ्टवेअरमध्ये. रिझल्ट ६ गिगाहर्ट्झपर्यंत हवेत. गाइड सर म्हणतात सगळीकडे लॅम्डा बाय ट्वेंटी. पण लॅम्डा कुठला धरू?

तरंगिणी
सर्वांत वरच्या फ्रीक्वेन्सीचा, आणि तोही मटेरियलमधला. ६ गिगाहर्ट्झला हवेत ५० मिमी, एफआर-४ मध्ये (परमिटिव्हिटी ४.४ धरून) जेमतेम २४. विसावा हिस्सा १.२ मिमी. आता सबस्ट्रेटची, म्हणजे पॅचखालच्या एफआर-४ थराची, जाडी बघ: १.६! म्हणजे नियम पाळूनही जाडीत धड दोन सेल बसत नाहीत. तिथे चार तरी घाल, ०.४ मिमीचे. फक्त लक्षात ठेव, टाइमस्टेप (सिम्युलेशन एका पावलात किती वेळ पुढे सरकतं) सगळ्यात बारीक सेल ठरवतो, त्यामुळे एका कोपऱ्यातला हव्यास सगळ्या रनला भोवतो.

आणि वरच्या दोघांना: तुमचं भांडण एचएफएसएसच्या फाइनाइट एलिमेंट पद्धतीच्या अंगणातलं आहे. ओपनईएमएसच्या एफडीटीडीत (सेलच्या जाळीवर वेळेच्या पावलांनी फील्ड मोजणाऱ्या पद्धतीत) चूक शोधून मेश सुधारणारं कुणी मागे उभं नसतं. तरंगलांबीला १० सेल घेतले तर अक्षाच्या दिशेने फेजची चूक १ टक्क्याच्या आसपास. छोट्या पॅचला चालून जाईल. पण दहा तरंगलांबी लांब फीड नेटवर्क असेल तर तीच ३६ अंशांवर जाते, बीम भलतीकडेच वळतो. २० सेल घेतले की चूक चौथाई. इथे लॅम्डाचा आकडा डिफॉल्टवर सोडणं म्हणजे निव्वळ आळस.

आरएफवाला
एफडीटीडीपुरतं मान्य, ताई. माझा धागा एचएफएसएसचा होता. आणि तिथेही सगळं रामभरोसे सोडा असं म्हटलेलं नाही. रुंद बँड असेल तर सोल्यूशन फ्रीक्वेन्सी वरच्या टोकाला धरायची, हे मीही सांगतो. लॅम्डा तिच्यावरूनच मोजला जातो, तेवढ्यानेच मेश दाट होतं.

शंकासुर
म्हणजे लॅम्डाचा आकडा बदलायचा नाही, पण लॅम्डाच बदलायचा. छान पळवाट!

बाकी एमटेकवाल्या, विसाव्या हिश्श्यावरून सरांशी वाद घालण्याआधी एफआर-४ चा डेटाशीट बघ. ४.४ च्या जागी ४.२ निघालं तर रेझोनन्स पन्नासेक मेगाहर्ट्झ वर सरकतो. ती चूक कुठल्याच मेशने जाणार नाही.