'रेपियर'ला मराठीत काय म्हणावं?

— एका प्रदर्शनात सतराव्या शतकातल्या इटालियन रेपियर तलवारीची हल्ली घडवलेली प्रतिकृती मांडायची आहे, फलक मी लिहिते आहे. 'पातळ तलवार', 'गुप्ती', 'पोशाखी तलवार' आणि 'फिरंग' असे चार शब्द सुचवले गेलेत. कोणता घेऊ?

— 'पोशाखी' कुणी सुचवला असेल त्याला व्युत्पत्ती नक्की ठाऊक आहे. स्पॅनिशमध्ये 'एस्पादा रोपेरा' असा पंधराव्या शतकातला शब्द आहे, 'रोपा' म्हणजे कपडे. चिलखत घालून रणात न्यायची नव्हे, तर रोजच्या कपड्यांवर कमरेला लावून गावात वावरायची ती तलवार. 'रेपियर' बहुधा त्याच शब्दाचा वंशज. पण मराठीत 'पोशाखी' म्हटलं की नुसतं मिरवायचं, कामाला न येणारं असं वाटतं. रेपियरनं द्वंद्वांत माणसं मेली आहेत! मूळ अर्थ बरोबर असूनही वाचकाची दिशाभूल होईल.

गुप्ती काठीत दडवलेली असते, ही तर उघड मिरवली जाई. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळात इंग्लंडात पात्याच्या लांबीवर हुकमानं मर्यादा घालावी लागली, सुमारे १०३ सेंटीमीटर.

'पातळ'ही नको. लोकांच्या डोळ्यांसमोर खेळातली लवचिक तलवार येते. खरी रेपियर साधारण एक ते सव्वा किलोची, पातं मीटरभर किंवा त्याहून लांब. 'अरुंद, निमुळतं पातं' म्हणा.

— मग 'फिरंग' का नको? सरळ पातं, युरोपातून आलेलं. शब्द आपला, जुना आणि भारदस्त.

— शब्द मलाही फार प्रिय आहे, म्हणूनच जपून वापरावासा वाटतो. परदेशी पात्याला इथली मूठ बसली की ती आपल्याकडे 'फिरंग' झाली. नावातच आपली नजर आहे. शिवाय फिरंगेचं पातं बहुधा रुंद, वार करून कापण्याजोगं. रेपियरलाही धार असते, पण तिचा मुख्य भर टोकावर, म्हणजे खुपसण्यावर. रोममध्ये १५५३ साली कामिल्लो आग्रिप्पानं तलवारबाजीवर पुस्तक लिहिलं ते याच टोकाच्या मारावर भर देऊन. इटलीतल्या माणसाच्या कमरेची तलवार फिरंग कशी म्हणायची? इटालियन गुरू तर तिला नुसतं 'स्पादा', म्हणजे तलवारच, म्हणत. १६१० मधलं कापो फेर्रोचं पुस्तक पाहा.

तेव्हा 'रेपियर' असंच ठेवा आणि लगेच एका ओळीत उलगडा करा. 'टेबल', 'बटाटा' रुळले, हाही रुळेल.

— पटलं. आणि 'प्रतिकृती' की 'नकली'? आमच्याकडे दोन्ही चाललेत.

— 'प्रतिकृती'च. 'नकली'त फसवणुकीचा आरोप आहे. कारागिरानं मूळ वस्तूची मापं, वजन आणि तोल पाहून ती घडवली असेल तर त्याच्यावर तो अन्याय होतो. धार काढलेली नसेल तर 'बिनधारेची प्रतिकृती' असं स्पष्ट लिहा.

— मसुदा असा: 'रेपियर. टोकानं भोसकण्यासाठी घडवलेली लांब, सरळ, अरुंद पात्याची तलवार. इटली, सतरावं शतक. बिनधारेची प्रतिकृती.' मुठीवरच्या वाटीला 'ढाल' लिहिलंय.

— तेवढं बदला. ढाल वेगळी धरतात. हाताचं रक्षण करणाऱ्या मुठीच्या भागाला आपल्याकडे 'परज' म्हणतात. 'वाटीसारखी परज' लिहा, पाहणाऱ्याला लगेच दिसेल.