फोर्मिगा: वर्ल्ड कप नाही म्हणून करिअर अधुरं?

सहानंबरवाली
काल रेशीमबागला प्रॅक्टिसनंतर वाद झाला तो इथे टाकते. ब्राझीलची फुटबॉल मिडफिल्डर फोर्मिगा, १९९५ ते २०१९ सात वर्ल्ड कप खेळली आणि १९९६ पासून टोकियोपर्यंत सात ऑलिम्पिक. सात वर्ल्ड कप बायकांत काय अन् पुरुषांत काय, दुसरं कोणीच खेळलेलं नाही. तरी माझा एक कोच मित्र म्हणतो, शेवटी जिंकलं काय? ऑलिम्पिकची दोन सिल्व्हर, २००७ ची वर्ल्ड कप फायनल जर्मनीशी हरली, म्हणून करिअर अधुरं. मला हे अजिबात पटत नाही.
फोर्मिगा म्हणजे पोर्तुगीजमध्ये मुंगी. ग्राउंडभर राबायची म्हणून पडलेलं नाव. माझ्याकडे पण अशीच एक पोट्टी आहे, सहा नंबरला, म्हणजे डिफेन्सच्या अगदी पुढे मिडफिल्डला खेळते, बॉल पायाशी यायच्या आधी दोनदा मान वळवून मागे बघते, हे तिला कोणी शिकवलेलं नाही. परवा एका टूर्नामेंटची फायनल आम्ही तिच्यामुळे जिंकलो. बक्षिसं वाटताना बेस्ट स्कोअरर झालं, बेस्ट गोली झालं, बेस्ट डिफेंडर पण झालं, आणि ही चिकटपट्टी लावलेला उजवा बूट हातात धरून मागच्या रांगेत उभी. परत येताना ऑटोत विचारते, मॅडम मी स्ट्रायकर होऊ का? ट्रॉफी आणि गोल एवढंच मोजायचं ठरवलं तर ही जागा खेळायला कोण तयार होणार?

कामठीकर
मॅडम राग नका मानू पण तुमच्या मित्राचं बरोबर आहे. मी कामठीत लहानपणापासून फुटबॉल पाहून राहिलो, आमच्याकडचे म्हातारे अजून फायनल कोणी मारली तेच सांगतात, कोण किती वर्षं खेळला ते नाही सांगत. तुलनाच करायची तं जपानची होमारे सावा घ्या न. ती पण फोर्मिगासारखी १९७८ चीच जन्मलेली, ती पण मिडफिल्डर, ती पण १९९५ चा वर्ल्ड कप खेळलेली. २०११ च्या फायनलले अमेरिकेसमोर जपान २-१ नं मागे होतं, ११७ व्या मिनिटाले कॉर्नरवर सावानं पाय लावला अन् बरोबरी केली, मग पेनल्टीवर कप आणला. कॅप्टन तीच, बेस्ट खेळाडूचा गोल्डन बॉल तिले, सगळ्यात जास्त गोलचा गोल्डन बूट पण तिलेच. फोर्मिगाकडे अशी एक तरी रात्र दाखवा मले.

सहानंबरवाली
सावा मोठीच आहे, त्यावर वाद नाही. पण भाऊ, त्या रात्री पेनल्टी अमेरिकेनं नीट मारल्या असत्या तर सावा लहान झाली असती का? फोर्मिगाच्या ऑलिम्पिक फायनल बघा, २००४ ला अथेन्स, २००८ ला बीजिंग, दोन्ही अमेरिकेशी, दोन्ही एक्स्ट्रा टाइममध्ये एकेका गोलनं गेल्या. आणि ती जन्मली तेव्हा ब्राझीलमध्ये बायकांनी फुटबॉल खेळायला कायद्यानं बंदी होती, १९४१ पासूनची, ती १९७९ ला उठली. तिथून निघालेली पोरगी सतराव्या वर्षी वर्ल्ड कपला पोचते.

वर्धारोड_विंगर
तुम्ही दोघं ट्रॉफीवरच अडकलात, माझा मुद्दा वेगळा आहे. २०१६ नंतर तिनं नॅशनल टीम सोडली होती, २०१८ ला कोचनं परत बोलावलं आणि २०१९ ला ४१ व्या वर्षी ती वर्ल्ड कपमध्ये मिडफिल्ड सांभाळत होती. याला रेकॉर्ड म्हणून टाळ्या वाजवायच्या का? त्या वर्ल्ड कपमध्ये फ्रान्सशी हरल्यावर ब्राझीलची स्टार मार्तानं कॅमेऱ्यासमोर रडवेली होऊन तरुण पोरींना सांगितलं होतं की फोर्मिगा कायम राहणार नाही, मी कायम राहणार नाही, आता तुमच्यावर आहे. आणि २०२३ ला ब्राझील ग्रुपमधूनच बाहेर. फोर्मिगानं कोणाची जागा अडवली असं मी म्हणत नाहीये, पण ती होती म्हणून फेडरेशनला पुढची पिढी घडवायची घाई नव्हती. आपल्या जिल्ह्याच्या टीममध्ये पण हेच चालतं, सीनियर असेपर्यंत ज्युनियर बेंचवर.

पुन्हा_गोली
हे वाचून राहवलं नाही. बाई चाळिशीत खेळली की लगेच जागेचा हिशोब काढायचा? पॅरिस सेंट-जर्मेननं तिला २०१७ ला घेतलं, अडतिसाव्या वर्षी, आणि तो काही दया दाखवणारा क्लब नाही. २०२१ ला त्यांनी फ्रेंच लीग पहिल्यांदा जिंकली, ल्यों क्लबनं सलग १४ वर्षं जिंकलेली लीग, तेव्हा फोर्मिगा ४३ ची होती आणि टीममध्ये होती. मी चोविसाव्या वर्षी लग्न झाल्यावर ग्लोव्हज माळ्यावर टाकले. कोणी मनाई केली नव्हती, पण पुढे खेळणार का असं विचारलंही नाही कोणी. छत्तीसला परत काढले तेव्हा रबर पार चिकटून गेलं होतं, बोटं आत जाईनात. म्हणून मला तिचं नुसतं टिकणंच फार मोठं वाटतं.

वर्धारोड_विंगर
क्लबचं मान्य, तिथे मी चुकलो. पण २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये तिच्याशिवाय ब्राझीलनं सिल्व्हर आणलंच की, म्हणजे पोरी होत्या, आधी संधी द्यायला हवी होती. यावर मी ठाम आहे.

कामठीकर
एक सांगतो. तिची देशासाठीची शेवटची मॅच आपल्याच भारताच्या टीमशी होती, २५ नोव्हेंबर २०२१, ब्राझीलच्या मनौसले. आपल्याकडे २६ ची सकाळ झाली होती, मी चहा घेऊन बसलो होतो. पहिल्याच मिनिटाले गोल खाल्ला, मग आठव्या मिनिटाले मनीषा कल्याणनं बरोबरी केली तं मी ओरडलो, घरचे सारे उठले. शेवटी ६-१ नं हरलो. सेकंड हाफमध्ये फोर्मिगा उतरली अन् मी स्कोअर पाहणं सोडून तिलेच पाहत बसलो, २६ वर्षं देशासाठी खेळलेली बाई, अजूनही बॉल सुटला की पहिले तीच धावे. माझ्या डोळ्यात पाणी आलं, खोटं काहून बोलू. तरी मोठं कोण विचारलं तं मी सावाचंच नाव घेईन, कप तो कपच असते. तुमच्या पोट्टीले काय सांगितलं मंग?

सहानंबरवाली
नाही म्हटलं नाही. रविवारी अर्धी मॅच स्ट्रायकर खेळवलं. दहा मिनिटं पुढे थांबली, मग सारखी खाली येऊन बॉल मागायला लागली, शेवटी स्वतःच म्हणाली मॅडम मला मागे टाका. पुढच्या टूर्नामेंटला आयोजकांकडे बेस्ट मिडफिल्डरचं बक्षीस मागणार आहे, नाही दिलं तर मी देईन. भाऊ, कामठीत पाच नंबरचे बूट बऱ्या भावात कुठे मिळतील तेवढं सांगा, तिचा उजवा आता पट्टीनं पण धरत नाही.