मदत हवी आहे: टाटा १२१० ला दुसऱ्या गाडीची डिझेल टाकी बसवायची आहे

नमस्कार मंडळी,

आमच्या घरी टाटा १२१० एसई ट्रक आहे, १९८२ चा, पुढं नाक असलेली गाडी. वडिलांनी, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, तिच्यावर वीस-बावीस वर्षं लासलगावहून वाशीला कांदा वाहिला, कसारा घाट किती वेळा चढली-उतरली त्याचा हिशोबच नाही. नंतर ती शेडमध्ये उभी राहिली ती राहिलीच. गेली दोन वर्षं मी सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं काम करतोय, इंजिन चालू झालंय, ब्रेक झालेत, आता घोडं अडलंय डिझेलच्या टाकीवर. दसऱ्याला पूजा करून अण्णांच्या हातानं गाडी गावातून फिरवायची आहे म्हणून घाई आहे, पण घाईत चुकीचं काही करायचं नाहीये.

जुनी टाकी वरून बघितली तर रंगसुद्धा शाबूत होता. पण टाकी आवळून धरणाऱ्या पट्ट्यांच्या खाली कधीकाळी कुणीतरी गोणपाटाच्या घड्या घातल्या होत्या, त्या पावसाचं पाणी धरून बसायच्या, आणि पट्टा सोडला तर तिथला पत्रा पापडासारखा हातात आला. पूर्वी ती एकदा गळायला लागली होती तेव्हा अण्णांनी साबणाची वडी घासून गळती बंद केली होती, तेव्हाचे ड्रायव्हर करायचेच असं, आणि ते इतकं टिकलं की पक्की दुरुस्ती राहूनच गेली.

तशीच टाकी शोधायला नाशिक, मालेगाव सगळं फिरलो, नाही मिळाली. शेवटी नंतरच्या एका टाटाची चांगल्या पत्र्याची टाकी भंगारात मिळाली, आत टॉर्च मारून बघितली, गंज नाही. फक्त माप वेगळं आहे. जुनी १०० सेंमी लांब, ३५ रुंद, ३५ उंच होती म्हणजे साधारण १२० लिटर. ही ९० लांब, ४५ रुंद, ४२ उंच आहे, म्हणजे १७० च्या आसपास. चेसिसवर जुने दोन एल ब्रॅकेट बोल्टनं बसवलेले आहेत, दोघांत ५५ सेंमी अंतर आणि आडवी बाजू ३६ सेंमी. नवी टाकी ठेवून बघितली तर बाहेरच्या अंगाला ९ सेंमी लोंबते. हौद्याच्या कडेच्या मात्र आतच राहते, तेवढं बरं.

इथल्या एका वेल्डिंगवाल्याला दाखवलं तर तो म्हणाला नवे ब्रॅकेट करून सरळ चेसिसलाच वेल्ड मारतो, अर्ध्या तासाचं काम आहे. मी नको म्हटलं, कारण चेसिसला वेल्डिंगची कांडी लावायची नाही हे अण्णांकडून लहानपणापासून ऐकत आलोय. पण मग करायचं काय ते मला नीट कळत नाहीये.

तर जाणकारांना विचारायचं आहे की जुन्याच ब्रॅकेटला पुढं तुकडा जोडून ४५ करावं का नवेच बनवावेत, टाकी जड आहे म्हणून मध्ये तिसरा ब्रॅकेट द्यावा का, आणि पट्ट्याखाली काय घालावं. शिवाय नवी टाकी तळाशी ७ सेंमी खाली येतेय, फीड पंप (टाकीतून डिझेल ओढून इंजिनच्या पंपाला देणारा) डिझेल ओढेल ना? अजून एक, या टाकीला वर एकच नळी आहे, रिटर्नची, म्हणजे उरलेलं डिझेल टाकीत परत आणणाऱ्या नळीची, जागाच नाही, काही जण म्हणतात रिटर्न फीड पंपाच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) मारून तिथंच जोडून टाक. कुणी १२१० वर हे काम केलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

——

सहाचाकी:

भाऊ, वेल्डिंगला नाही म्हणालात ते फार चांगलं केलंत. चेसिस म्हणजे सी आकाराची पट्टी, माल भरला की तिच्या वरच्या आणि खालच्या ओठावर सगळ्यात जास्त ताण येतो. वेल्डच्या कडेला पत्रा तापून त्याचा कस जातो आणि चीर तिथूनच सुरू होते, वर्षभर काही दिसत नाही आणि मग एक दिवस दिसते. भोक पाडायचं झालं तरी उभ्या भिंतीत, ओठापासून लांब, ओठात कधीच नाही. तुमच्याकडे जुनी भोकं आहेतच, तीच वापरा.

आता ब्रॅकेट. तुकडा जोडू नका, नवेच करा. हिशोब बघा. जुनी टाकी भरून पत्र्यासकट १२५ किलोच्या आसपास आणि तिचा भार चेसिसपासून साडेसतरा सेंमीवर. नवी भरली की १७० किलो आणि भार साडेबावीसवर. म्हणजे बोल्टवर येणारा पीळ जवळजवळ पावणेदोनपट झाला, आणि हे उभ्या गाडीचं, खड्ड्यात आदळली की याच्या कितीतरी पट. ८ मिमीची प्लेट घ्या, कोपऱ्यात खालून तिरका आधार द्या, म्हणजे तिकोनी पट्टी, तिच्याशिवाय एल उघडतोच. बोल्ट ८.८ चे (हा मजबुतीचा ग्रेड), नायलॉक नट (आत नायलॉनची रिंग असलेले, ढिले न पडणारे), आणि चेसिसच्या आतल्या बाजूनं जाड वॉशर नाहीतर छोटी प्लेट.

तिसरा ब्रॅकेट नको. खराब रस्त्यावर चेसिस पिळते, टाकी पिळत नाही, दोन आधारांवर ती निभावून नेते, तीन दिले की मधला एकदा उचलतो एकदा सोडतो आणि टाकीची शिवण, म्हणजे पत्र्याचा जोड, उघडते. ५५ चं अंतर ९० च्या टाकीला चालतं, पण एक करून बघा: रिकामी टाकी बोटाच्या पेरानं लांबीभर ठोकत जा. आत लाटा अडवायला पडदे असतात, पडदा आला की आवाज बद्द येतो, बहुतेक टाक्यांना बाहेरून स्पॉट वेल्डची रांगही दिसते. पट्टे त्या रेषेवर किंवा तिच्या जवळ आले तर उत्तम, नुसत्या पोकळ पत्र्यावर आवळलं की टाकी दबते.

पट्ट्याखाली गोणपाट, कापड, नमदा काही नको, पाणी पिणारं काहीच नको. टायरमधला जुना फ्लॅप (ट्यूब आणि रिमच्या मधली रबरी पट्टी) कुठल्याही पंक्चरवाल्याकडे पडलेला असतो, त्याच्या पट्ट्या कापा, पट्ट्यापेक्षा दोन्ही बाजूंना एक-एक सेंमी जास्त. ब्रॅकेटवरही तोच घाला. पट्टा आवळताना टाकी हातानं हलली नाही की थांबायचं, वर दुसरा नट लॉकला. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर परत बघा, रबर बसतं आणि पट्टा ढिला पडतो.

——

कोल्हापुरी फिटर:

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी फक्त नळ्यांबद्दल लिहितो. ७ सेंमी खाली आली म्हणून मायको कंपनीच्या डिझेल पंपावरच्या फीड पंपाला काही फरक पडत नाही. त्रास येतो तो हवेचा. टाकीपासून फीड पंपापर्यंतची नळी ओढणारी आहे, तिथं जॉइंट ढिला असला तर डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते. गाडी चालू होते, दहा मिनिटं छान चालते आणि बंद पडते, आणि माणूस पंप उघडत बसतो. बँजो बोल्टचे (नळी जोडायचे पोकळ बोल्ट) तांब्याचे वॉशर नवे घाला, मिळाले नाहीत तर जुने लाल करून पाण्यात टाका, मऊ पडतात आणि परत बसतात.

रिटर्नला टी मारू नका दादा. तिथून गरम डिझेल आणि हवेचे बुडबुडे येतात, ते टाकीत जाऊन शांत व्हायला पाहिजेत, तुम्ही तेच परत पंपाला पाजणार. फ्लोटच्या (काट्यासाठी डिझेलची पातळी मोजणारा तरंगता भाग) गोल प्लेटवर दुसरी नळी बसवून घ्या, प्लेट सुटी काढून वर्कशॉपमध्ये, टाकीवर नाही. टाकीला कांडी लावायची वेळ आली तर ती आधी गरम पाणी आणि सोड्यानं धुवून, पाण्यानं जवळजवळ भरूनच. डिझेलच आहे, काय होतंय म्हणून रिकाम्या टाकीवर काम करू नका, वाफ आत राहते आणि टाकी फुटते, माणसं गेलेली आहेत. ओढणारी नळी तळापासून दोन-अडीच सेंमी वर ठेवा म्हणजे खालचं पाणी आणि गाळ वर येणार नाही. आणि झाकणाचं हवेचं भोक सुईनं मोकळं करा.

——

धागाकर्ता:

दोघांचेही मनापासून आभार, तुमचे प्रतिसाद फोनवर मोठ्यानं वाचून दाखवले, अण्णा मध्ये मध्ये हं, बरोबर आहे म्हणत होते.

रविवारी काम झालं. नवे ब्रॅकेट ८ मिमीचे, तिकोनी आधारासकट, जुन्याच भोकांत बसले. टाकी ठोकत गेलो तर पडदे दोन निघाले, त्यातला एक बरोबर पट्ट्याखाली आला, दुसऱ्यासाठी ब्रॅकेट ४ सेंमी सरकवायला हवा होता पण नवं भोक पाडायचं नव्हतं म्हणून तो तसाच ठेवला, आणि तिथं फ्लॅपची पट्टी रुंद घातली. हे चालेल का तेवढं सांगा. रिटर्नची नळी फ्लोटच्या प्लेटवर झाली. हवा काढायला फिल्टरचा स्क्रू सोडून हातपंप मारत बसलो, बराच वेळ नुसता फेस, मग एकदम स्वच्छ धार आली. अर्ध्या सेल्फला चालू झाली आणि पाऊण तास चालली, बंद पडली नाही.

काटा मात्र चुकीचा दाखवतोय, फ्लोट आणि मीटर वेगळ्या गाड्यांचे आहेत. अण्णांनी तसाही काट्यावर कधी विश्वास ठेवला नाही, सीटच्या मागं त्यांची एक वेताची काठी असायची, तिच्यावर खाचा पाडलेल्या, काठी टाकीत घालायची आणि ओल कुठल्या खाचेपर्यंत आली ते बघायचं. ती अजून आहे, पण खाचा जुन्या टाकीच्या. काल संध्याकाळी नवी काठी घेऊन बसलो, वीस लिटरचा कॅन मी ओतायचा, अण्णा काठी बुडवून ओल बघायचे आणि चाकूनं खाच पाडायचे. चार कॅन झालेत, चार खाचा. उरलेलं डिझेल उद्या आणतो.