मार्क ५: येशू वाटेत का थांबला?

पहाटवेळ
सर्वांना सलाम. आई गेल्यावर मी मार्कचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधली मार्कने सांगितलेली येशूची कथा, रोज पहाटे एक अध्याय असं वाचायला घेतलं. १६च तर अध्याय. पण पाचव्यावर अडकले, त्याला आज नऊ दिवस झाले.

याईराची मुलगी शेवटच्या घटका मोजतेय. सभास्थानाचा, म्हणजे यहुद्यांच्या प्रार्थनागृहाचा, अधिकारी असूनही तो येशूच्या पाया पडतो, आणि येशू निघतोही. मग गर्दीत एक बाई मागून त्याच्या वस्त्राला शिवते, बरी होते, आणि तो थांबतो. कोण शिवलं म्हणून विचारत राहतो. तिचं रक्तस्रावाचं दुखणं १२ वर्षांचं. तिला आणखी तासभर चाललं असतं, त्या मुलीला नाही. तो बोलतोय तोवर निरोप येतोच: मुलगी गेली, आता गुरुजींना त्रास कशाला देता?

आई आत होती तेव्हा मी बाहेर बाकावर बसून हेच मागत होते, आता ये, लगेच ये. ३५व्या वचनाशी आले की पुस्तक मिटवते. पुढे मुलगी उठते हे ठाऊक आहे. माझी आई उठली नाही. तुम्ही हा अध्याय कसा वाचता?

जुनी वही
ताई, आईबद्दल वाचून वाईट वाटलं. पण ‘तासभर चाललं असतं’ हे मला लागलं, कारण मी वर्षानुवर्षं दुखणं काढलेली आहे. मार्क सांगतो, पुष्कळ वैद्यांच्या हातून तिचे हालच झाले, होतं नव्हतं ते संपलं आणि दुखणं वाढलं. शिवाय जुन्या करारातल्या लेवीय १५ च्या शुद्धाशुद्धतेच्या नियमांप्रमाणे असा रक्तस्राव असलेली ती अशुद्ध, तिला शिवणाराही संध्याकाळपर्यंत अशुद्ध. म्हणून तर ती मागून आली. गुपचूप बरी होऊन गेली असती तर लोकांच्या लेखी अशुद्धच राहिली असती. त्याने तिला सगळ्यांदेखत ‘मुली’ म्हटलं. आपल्या मुलीसाठी आलेला बाप तिथेच उभा होता. तो शब्द त्याने कसा ऐकला असेल, याचा मी अजून विचार करते.

मनन
हीच गोष्ट मत्तयाच्या शुभवर्तमानातही आहे, त्याचा नववा अध्याय शेजारी ठेवून बघा. तिथे बाप येतो तेव्हाच मुलगी मेलेली आहे, म्हणजे वाटेतली ही घालमेल नाहीच. लूकच्या शुभवर्तमानात ती घालमेल आहे, आणि मुलगी एकुलती एक होती हेही तो सांगतो. ‘लगेच, लगेच’ म्हणत धावणारा मार्क इथे मात्र रेंगाळतो. एका कथेच्या पोटात दुसरी ठेवायची त्याची रीतच आहे. अकराव्यात अंजिराच्या झाडाच्या गोष्टीच्या मधोमध मंदिराची गोष्ट येते. इथे तर मुलीचं वयही १२. मला वाटतं, ‘भिऊ नकोस, विश्वास मात्र धर’ हे ऐकण्याआधी याईराने त्या बाईचा विश्वास पाहावा, म्हणून तो थांबला.

पण हे तुमच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. माझी प्रार्थना ऐकली गेली नाही तेव्हा मी चौदाव्या अध्यायाशी जाऊन बसलो. अटकेआधी गेथशेमाने या जागी पुत्र येशू स्वतः ‘अब्बा’, म्हणजे ‘बापा’, म्हणून दुःखाचा प्याला दूर कर असं मागतो, आणि प्याला दूर होत नाही. तिथून मी अजून पुरता उठलेलो नाही.

पहाटवेळ
दोघांचे आभार. ‘जुनी वही’, तुम्हाला लागलं, क्षमा करा. त्या बाईकडे मी एकदाही नीट पाहिलं नव्हतं.

आज अध्याय मोठ्याने वाचला, ४३व्या वचनापर्यंत. याईर सुरुवातीला विनवतो तेवढंच. पुढे अध्यायभर त्याच्या तोंडी एक शब्द नाही. निरोप आल्यावरही नाही. नुसता येशूबरोबर चालत राहतो. मलाही त्या दिवसांत बोलता येत नव्हतं, आणि ते मी अविश्वासात धरलं होतं.

मग शेवटी ‘हिला खायला द्या’. शेवटचा आठवडा आईला मी चमच्याने भरवत होते. तिथे आवाज गेला, पण वाचून पूर्ण केलं. आता लेवीय १५ काढलंय, उद्या सहावा अध्याय.